कर्नलमधली विशेष परवानग्यांची मेमरी एकाच टीएलबी फ्लशमध्ये मोकळी करताना

लिनक्स कर्नलमध्ये बीपीएफ प्रोग्रॅम, केप्रोब किंवा एफट्रेसचा ट्रॅम्पोलिन (म्हणजे चालू कर्नलमध्ये नव्याने घातलेले कोडचे तुकडे) यांच्यासाठी मेमरी घेतली, तर त्यात कोड उतरवून झाल्यावर ती लिहिण्यासाठी बंद आणि चालवण्यासाठी खुली करावी लागते. हे काम सगळेच काळजीपूर्वक करतात. तीच मेमरी परत देताना मात्र ‘व्हीफ्री (मेमरी मोकळी करणारे फंक्शन) केले की झाले’ असे मानले जाते, आणि नेमकी तिथेच सुरक्षितता आणि वेग या दोन्हींची गळती होते. पुढील विवेचन लिनक्स ५.२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. व्हीमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या प्रत्येक भौतिक पानाला कर्नलमध्ये एकाच वेळी दोन पत्ते असतात. एक व्हीमॅलॉकच्या प्रदेशातला, जो आपल्या हाती येतो. आणि दुसरा डायरेक्ट मॅपमधला, जिथे सगळी भौतिक मेमरी सलग मांडलेली असते. एक्स८६ वर सेट_मेमरी_आरओ हे फंक्शन पहिल्या पत्त्यावरची लिहिण्याची परवानगी काढते तेव्हा दुसऱ्या पत्त्यावरचीही काढते, कारण तसे न केल्यास मागचे दार उघडेच राहिले असते. म्हणजे पान परत देताना दोन्ही दारांचा हिशेब मिटवणे भाग आहे.

आता नुसते व्हीफ्री केल्यास काय घडते ते पाहू. पेज टेबलमधल्या (पत्त्यांची भौतिक पानांशी सांगड ठेवणाऱ्या तक्त्यातल्या) नोंदी लगेच पुसल्या जातात आणि पाने पेज अ‍ॅलोकेटरकडे परत जातात. पण प्रत्येक सीपीयूच्या टीएलबीमध्ये, म्हणजे या तक्त्यातल्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात, साठलेली पत्त्यांची जुनी भाषांतरे तशीच राहतात. दर वेळी सगळ्या सीपीयूंना ती पुसायला, म्हणजे फ्लश करायला लावणे महाग असल्यामुळे कर्नल ते काम मुद्दाम साठवून ठेवतो. ही साठवण मर्यादा सीपीयूंच्या संख्येबरोबर वाढते आणि आठ सीपीयूंच्या यंत्रावर ती १२८ मेगाबाइट इतकी असते. साध्या डेटाच्या बाबतीत हा आळस फायद्याचाच आहे. कोडच्या पानाच्या बाबतीत मात्र तेच पान दुसऱ्या कोणाला डेटासाठी मिळालेले असताना एखाद्या सीपीयूच्या टीएलबीत ‘येथून कोड चालवता येतो’ अशी नोंद शिल्लक असू शकते. शिवाय डायरेक्ट मॅपमधली नोंद फक्त वाचनीय राहिली असेल, तर नवा मालक तिथे पहिला बाइट लिहायला जाताच कर्नल कोसळतो.

जुना उपाय म्हणजे व्हीफ्रीच्या आधी सेट_मेमरी_एनएक्स (चालवण्याची परवानगी काढणारे) आणि मग सेट_मेमरी_आरडब्ल्यू (लिहिण्याची परवानगी देणारे) हाताने बोलावणे. यात प्रत्येक हाकेला स्वतंत्र फ्लश होतो, आणि व्हीफ्रीचा लांबणीवर टाकलेला फ्लश पुढे होतो तो वेगळाच. एक्स८६ वर फ्लश म्हणजे सहसा इतर सीपीयूंना इंटरप्ट पाठवून त्यांच्या उत्तराची वाट पाहणे. सीपीयू जितके अधिक तितका हा खर्च बोचतो. त्यातही घाईत क्रम उलटा झाला, म्हणजे आधी लिहिण्याची परवानगी देऊन मग चालवण्याची काढली, तर मधल्या क्षणी तेच पान लिहिताही येते आणि चालवताही येते. माझ्या मते हा हाताने उलटा प्रवास करण्याचा मार्ग आज वापरूच नये.

२०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत व्हीएम_फ्लश_रिसेट_पर्म्स नावाचा झेंडा आला. मेमरी हाती येताच, परवानग्यांना हात लावण्यापूर्वीच, सेट_व्हीएम_फ्लश_रिसेट_पर्म्स हे फंक्शन त्या पत्त्यावर बोलवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची कोणतीही पायरी अर्ध्यावर फसली तरी अपयशानंतर आवराआवर करणारे व्हीफ्री मग आपोआप सुरक्षित ठरते. त्यानंतर कोड लिहावा आणि सेट_मेमरी_आरओएक्स बोलवावे. ६.२ पासून उपलब्ध असलेले हे फंक्शन ‘फक्त वाचनीय’ आणि ‘चालवण्याजोगे’ हे दोन्ही बदल एकत्र करते. त्याने परत दिलेले मूल्य तपासावे. परवानगी बदलण्यात अपयश येऊ शकते आणि ते दुर्लक्षित केल्यास आपण लिहिण्याजोग्या पानातून कोड चालवत राहतो. काम संपल्यावर परवानग्या पूर्ववत करण्याच्या फंदात न पडता थेट व्हीफ्री करावे.

झेंडा दिसताच व्हीफ्री जे करते त्याचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. व्हीमॅलॉककडील नोंदी पुसल्यानंतर ते त्या पानांच्या डायरेक्ट मॅपमधल्या नोंदी फ्लश न करता अवैध करते. मग दोन्ही पत्ते व्यापणारा एकच फ्लश करते. आधीपासून साठलेल्या इतर आळशी नोंदीही याच फेरीत निकालात निघतात. शेवटी डायरेक्ट मॅपला मूळ परवानग्या देते आणि मगच पाने अ‍ॅलोकेटरकडे जातात. मधली अवैध अवस्था कशासाठी, असा प्रश्न पडतो. नोंद ‘फक्त वाचनीय’ अशीच ठेवून फ्लश केला असता, तर फ्लशनंतर लगेच कोणी ते पान वाचल्यास जुनी नोंद टीएलबीत पुन्हा येऊन बसली असती आणि दुसरा फ्लश अटळ झाला असता. उलट, फ्लशपूर्वीच लिहिण्याची परवानगी दिली असती, तर कोड चालवू देणाऱ्या जुन्या नोंदी जिवंत असतानाच पान लिहिण्याजोगे झाले असते. अवैध नोंद टीएलबीत साठवली जात नाही, म्हणून एका फ्लशमध्ये दोन्ही अडचणी सुटतात.

या झेंड्याची एक अट मात्र कडक आहे: अशी मेमरी इंटरप्टमधून किंवा व्हीफ्री_अ‍ॅटॉमिकने मोकळी करता येत नाही. इंटरप्टमध्ये असताना व्हीफ्री काम पुढे ढकलते आणि त्यासाठी लागणारी यादीची कडी मोकळ्या होणाऱ्या मेमरीच्याच पहिल्या काही बाइटांत लिहिते. आपले पान फक्त वाचनीय असल्याने ते लिहिणेच फॉल्ट ठरते. ही चूक बहुधा उघडपणे होत नाही, ती आरसीयूच्या (वाचणारे सगळे संपेपर्यंत मेमरी मोकळी करणे थांबवणाऱ्या यंत्रणेच्या) आडून येते. कॉल_आरसीयूला दिलेले कॉलबॅक फंक्शन बरेचदा सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टचे उरलेले काम करणाऱ्या टप्प्यात) चालते, आणि तिथून व्हीफ्री केले की इंटरप्टमधूनच केल्यासारखे होते. म्हणून कॉलबॅकमधून काम वर्कक्यूकडे (ते नंतर साध्या थ्रेडमध्ये करणाऱ्या रांगेकडे) सोपवावे, किंवा सुरुवातीलाच क्यू_आरसीयू_वर्क वापरावे. ६.१० पासून कोडच्या मेमरीसाठी एक्झेकमेम हा स्वतंत्र इंटरफेस आहे. नव्या कोडमध्ये त्याचाच वापर करावा. त्याचे मोकळे करण्याचे फंक्शन इंटरप्टमधून बोलावल्यास लॉगमध्ये इशारा देते.

छोटे तुकडे वारंवार घेत आणि सोडत असाल, तर झेंडा पुरेसा नाही. डायरेक्ट मॅपमधल्या २ मेगाबाइटच्या एका मोठ्या पानातील ४ किलोबाइटची परवानगी बदलली, की त्या मोठ्या पानाचे ५१२ तुकडे होतात आणि टीएलबीवरचा ताण वाढतो. ५.१८ मध्ये बीपीएफने अनेक प्रोग्रॅम एकाच मोठ्या खंडात बसवण्याची पद्धत स्वीकारली ती याच कारणासाठी.

बदल खरोखर उपयोगी पडला की नाही हे मोजून पाहावे. एक्स८६ वर प्रॉक फाइलसिस्टिममधील इंटरप्ट्स या फाइलीत टीएलबी शूटडाउनची ओळ असते. हजार वेळा घेणे-सोडणे करणारी चाचणी चालवून आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहावा. मेमइन्फो या फाइलीतील डायरेक्टमॅप४के हा आकडा सतत चढत असेल, तर तुकडे पडण्याचा वरचा प्रश्न आपल्याकडेही आहे. चाचणीच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_डीबग_डब्ल्यूएक्स (एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणारी पाने शोधणारा तपास) चालू ठेवावे, पण तो तपास पेज टेबल वाचतो, टीएलबी नव्हे. त्यामुळे फ्लश राहून गेल्याची चूक त्याला दिसणार नाही आणि ती शोधायला कोडमधला क्रमच वाचावा लागेल.