लाइम रोगातील सांधेसूज : संदेशांची साखळी कागदावर कशी मांडावी

सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना दरवर्षी जाणवते की, सायटोकाइनांची, म्हणजे पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्या प्रथिनांची, नावे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगात गुडघा का सुजतो असे विचारले, की उत्तर 'जंतूंमुळे' एवढ्यावरच थांबते. म्हणून पाठांतर बाजूला ठेवून कोरा कागद आडवा घ्यावा.

कागदाच्या डाव्या कडेला गोचीड आणि तिच्यातून त्वचेत उतरणारा, मळसूत्रासारखा बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा जंतू काढावा. अमेरिकेतील कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हापासून या आजाराचा शोध सुरू झाला. सूज आणणारे कोणतेही ज्ञात विष हा जंतू तयार करत नाही, ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी, कारण पुढची सारी मांडणी तिच्यावरच उभी आहे.

जंतूच्या पृष्ठभागावरील लिपोप्रोटीनला (मेदयुक्त प्रथिनाला) मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींवरील टोल-लाइक रिसेप्टर-२ हा ग्राहक ओळखतो, असा पहिला बाण काढावा. त्यानंतर पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि इंटरल्यूकिन-६ ही सूज वाढवणारी सायटोकाइने सोडतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर सैल होते, केमोकाइनांच्या (पेशींना बोलावणाऱ्या संदेश-प्रथिनांच्या) मागावर न्यूट्रोफिल व टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशी सांध्यात येतात आणि तिथे द्रव साचतो.

पुढचा बाण बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी ४० फुटांवर गेली की इशारा मिळतो, ४५ फुटांवर धोक्याची पातळी येते. पण पाणी उतरल्याचा निरोपही तितकाच लागतो. शरीरात तो निरोप, म्हणजे सूज थांबवण्याचा संदेश, इंटरल्यूकिन-१० हे सायटोकाइन देते. प्रतिजैविकांनंतरही ज्यांचा गुडघा महिनोन्महिने सुजलेला राहतो, त्यांच्या सांध्यातील द्रवात सूज वाढवणारे इंटरफेरॉन-गॅमा भरपूर आणि त्या मानाने इंटरल्यूकिन-१० कमी आढळते. जंतूच्या भिंतीतील पेप्टिडोग्लायकन या घटकाचे अवशेष अशा सांध्यांत सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या महापुरानंतर घराघरांत साचलेला गाळ ज्यांनी उपसला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अखेरीस लाल पेनाने औषधे लिहावीत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक जंतूवर लिहावे. जंतू संपल्यावरही टिकलेल्या सुजेसाठी तज्ज्ञ जे मेथोट्रेक्सेट हे सूज दाबणारे औषध वापरतात, ते मात्र संदेशांच्या बाणांवर लिहावे.