कास्टिंगवर जॉबवर्क सुरू करताय? आधी हे बघा

फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग आणायचा, मशीनिंग करून द्यायचं, हा आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जुना धंदा. नवीन पोरगं आलं की कुठली सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेऊ विचारतं. भावा, मशीन हप्त्यावर मिळतंय. बिल कधी निघणार ते आधी विचार.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्यांदा करा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. एजंटाला पैसे कशाला? नंबर बिलावर छापा. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते कुणी मागत नाही, पुढची ऑर्डर जाईल ही भीती. पण मुदत उलटलेलं बिल 31 मार्चलाही थकलं, तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीला खरेदीवाल्याला नाही, त्यांच्या अकाउंटंटला फोन लावा.

तारण नसेल तर बँकेत सीजीटीएमएसई हमीचं विचारा, म्हणजे बिनतारण कर्जाला सरकारी ट्रस्टची हमी.

शिरोली, कागलच्या एमआयडीसीतला प्लॉट नंतर. आधी उद्यमनगरातच भाड्यानं गाळा घ्या. ग्राइंडिंगवाला, टूलवाला हाकेच्या अंतरावर. ऑपरेटर मात्र आयटीआयचाच घ्या, आणि पगार सात तारखेच्या आत.