पांढरीतल्या चुलीत काय जळत होतं, ते ओळखायचं कसं

तापी-गिरणेच्या काठी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत. शहादा तालुक्यातलं प्रकाशे आणि चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ इथे १९५०च्या दशकात उत्खननं झाली, त्यांत ताम्रपाषाणयुगापासूनचे थर लागले. अशा थरात चूल सापडली की हात आधी कोळशाकडे जातो, आणि गल्लत तिथेच होते. लाकडाचा कोळसा मागे राहतो. गवरी, ज्वारीची ताटं, भूस यांची बहुतेक राखच होते. नुसता कोळसा वेचला तर सगळं गाव लाकडावरच रांधत होतं असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून मातीला पाणी लागण्याआधीच नमुन्याचे दोन भाग करा. (उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही, टेकाडावरची मातीही उकरू नका.)

चूल मधोमध कापून आधी अर्धीच काढा. उभ्या छेदात भाजून लाल झालेली माती, काळा थर आणि करडी राख वेगवेगळी दिसतात. प्रत्येक थरातून कोरडी राख, साधारण ५० ते १०० ग्रॅम, स्वच्छ करणीने वेगळ्या पिशवीत घ्या. उरलेली माती धुण्यासाठी ठेवा: १० ते २० लिटर, आणि चूल लहान असेल तर सगळीच. चुलीपासून दूरच्या, न जळलेल्या जमिनीचाही एक नमुना हवा. तो का, ते पुढे येईल. चुलीत शेवटच्या काही वेळांचं जळण असतं, तर राखेच्या उकिरड्यात कित्येक वर्षांचं. त्यामुळे दोन्हीकडचं घ्या.

धुताना चिकट काळी माती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून सुटी होऊ द्या. ढेकळं हाताने चोळलीत तर कोळशाचा चुरा होतो. तरंगणारा भाग पाव मिलिमीटरच्या जाळीवर धरा, तळाचा एक मिलिमीटरच्या जाळीवर. सुकवायचं सावलीतच, उन्हात कोळसा तडकतो.

दोन मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा हाताने मोडून आडवा, त्रिज्येच्या दिशेचा आणि स्पर्शरेषेतला असे तीन ताजे छेद मिळवा आणि वरून उजेड पडणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ५० ते ५०० पट मोठे करून पाहा. सागात मोठ्या नलिका वर्षवलयाच्या सुरुवातीला ओळीने दिसतात. बाभळीच्या किरणपट्ट्या (गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे) अनेक पेशी रुंद असतात, तर बोरीच्या एकाच पेशीच्या. तुलनेसाठी बाभूळ, बोर, निंब, अंजन, साग, पळस यांचे ओळखीचे तुकडे अॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून भट्टीत ४०० अंश सेल्सिअसला जाळून ठेवा. वलयांचा बाक तीव्र असेल तर फांदी बारीक होती. प्रत्येक थरातले निदान १०० तुकडे तपासा.

आता राख. चिमूटभर राख काचपट्टीवर घेऊन ध्रुवित प्रकाशात ४०० पटीला पाहा. शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या शेणात कॅल्शियम कार्बोनेटचे ५ ते २० मायक्रोमीटरचे गोल कण असतात, त्यांना स्फेरुलाइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या काचा) एकमेकांशी काटकोनात आणले की प्रत्येक कणावर काळी फुली उमटते. लाकडाच्या राखेत त्याऐवजी टोकदार स्फटिकांच्या आकाराचं कॅल्साइट भेटतं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की गवरी किती आणि लाकूड किती, याचा अंदाज येतो. ताटं आणि भूस यांच्यासाठी फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीतले सिलिकाचे कण, पाहा.

या नमुन्याला हायड्रोक्लोरिक आम्ल लावू नका. स्फेरुलाइट विरघळून जातात. फायटोलिथांसाठी आम्ल लागतं, म्हणून त्यांचा नमुना वेगळा. खूप कडक आचेत, साधारण ७०० अंशांच्या वर, स्फेरुलाइट नष्ट होतात. तेव्हा ते दिसले नाहीत म्हणजे गवरी जळलीच नाही, असं म्हणता येत नाही. दिसले तरी घाई नको. शेणाने सारवलेल्या जमिनीत आणि गोठ्यातही ते असतात. दूरच्या जमिनीचा नमुना यासाठीच. चुलीत ते तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि आचेने काळवंडलेले असले तरच ते जळणाचे धरा.

गवरीबरोबर गुरांनी खाल्लेलं बी जळतं. त्यामुळे चुलीतला प्रत्येक करपलेला दाणा माणसाच्या ताटातला समजू नका.

खानदेशची काळी माती चुनखडीयुक्त असल्याने स्फेरुलाइट टिकायला बरी, पण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरच्या काळातला कोळसा खाली घसरतो. भेगेची रेघ छेदात दिसली तर तिथला नमुना टाळा. कार्बन कालमापनाला जुन्या खोडाचा गाभा देऊ नका, वय शेकडो वर्षांनी जास्त येऊ शकतं. बारीक काडी किंवा त्याच वर्षी पिकलेलं करपलेलं धान्य द्या.