पहाटे तीनला जाग येते? ताणाचा ब्रेक पुन्हा असा लावा

धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. ते थांबवायला मदत करतो हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, आणि ताण लांबला की तोच आखडतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या २००२ च्या प्रयोगात उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आक्रसल्या, भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालातल्या मात्र वाढल्या. पुढच्या प्रयोगात २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही ही वाढ ओसरली नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण चार दिवस गावी जाऊन आलं की सगळं निवळेल, या भरवशावर राहू नका.

सुरुवात झोपेपासून करा. उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. शेवटचा चहा दुपारी दोनपर्यंत. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते.

संध्याकाळी सातला वही घेऊन पंधरा मिनिटं बसा. ‘पैशाचं टेन्शन’ असं मोघम लिहून काही हाती लागत नाही. ‘हप्ता १० तारखेला, दोन हजार कमी पडतात, ८ ला बँकेत जायचं’ असं लिहा.

तरीही रात्री जाग आलीच, तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठून मंद दिव्यात बसा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. इथे हमखास चूक होते: लोक छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास हलकाच घ्या, पोट हलू द्या, सोडताना लांबवा.

ताण आला म्हणून प्रत्येक जण आजारी पडत नाही. आनुवंशिकता आणि लहानपणीचे आघातही त्यात असतात. पण सलग दोन आठवडे, बहुतेक वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून आठवड्यात सोडू नका, बरं वाटल्यावरही परस्पर बंद करू नका. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी तर अजिबात नको.

मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.