आपट्याचं पान, हादग्याचा हत्ती, कोजागरीचा ससा: बालवाडीतलं शरदाचं घडीकाम

सप्टेंबर लागला की बालवाड्यांमधून एक छापील चित्र फिरायला लागतं. नारिंगी रंगाचं टोकदार मेपलचं पान, शेजारी भोपळा आणि खार, वर ‘शरद ऋतू’ असं लिहिलेलं. साताऱ्याजवळच्या बालवाडीत मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. त्या चित्रातलं झाड मला मुलांना एकदाही दाखवता आलेलं नाही. आपल्याकडची पानगळ माघ-फाल्गुनातली. शरदात आमचे डोंगर हिरवेगार असतात, कासच्या पठारावर फुलं असतात, दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजतं आणि संध्याकाळी अंगणात हादगा रंगतो. म्हणून मी घडीकामाला ऋतूही आपलाच घेते. खालच्या वस्तू तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून दरवर्षी करून घेते, त्यामुळे कोणती घडी कुठे अडते ते मला पाठ झालं आहे.

आधी कागदाचं. जाड कार्डशीट आणू नका, छोट्या बोटांना ती दुमडत नाही. घोटीव कागद सगळ्यात चांगला, कारण त्याला एका बाजूला रंग असतो आणि दुसरी बाजू पांढरी. ‘रंग टेबलाकडे, पांढरं आपल्याकडे’ एवढं सांगितलं की कागद कसा धरायचा हे मुलांना कळतं. तो नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद आणि वर्तमानपत्र. तीन वर्षांच्या मुलाला २० सेंटिमीटरचा चौकोन द्या, मोठ्या मुलांना १५ चालतो. त्याहून लहान कागद मोठ्यांच्या हातांसाठी. चौकोन मात्र तुम्हीच नेमका कापून ठेवा. कागदच वाकडा असला तर मुलाने कितीही मन लावून टोकाला टोक जुळवलं तरी जुळत नाही, आणि ते बिचारं समजतं की चूक आपलीच.

ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौकोन काढला की पावणेनऊ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती टाकू नका. पाच सेंटिमीटर रुंदीला कापली की तिच्यातून आपट्याचं एक पान होतं.

चिकटवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नका. ते विषारी असतं आणि मुलांची बोटं सतत तोंडात जातात. खळ रोज ताजी करावी, उरली तर दुसऱ्या दिवशी फेकून द्यावी.

आमच्या वर्गात घड्यांना नावं आहेत. कडेला कड लावून दुमडलं की ‘पुस्तक’. टोकाला टोक लावलं की ‘सामोसा’. घडीवरून बोट दाबून फिरवणं म्हणजे ‘इस्त्री’. ‘कर्णावर घडी घाला’ म्हटलं की वर्ग नुसता बघत राहतो, ‘सामोसा करा’ म्हटलं की तीस हात चालू होतात. तीन वर्षांच्या मुलाला पुस्तक आणि सामोसा एवढं पुष्कळ झालं. चार पूर्ण झाली की कोपरे दुमडणं जमतं. पाचव्या वर्षी चार-पाच घड्यांचा क्रम लक्षात राहतो.

आता आपट्याचं पान. यासाठी मी दोन दिवस ठेवते. पहिल्या दिवशी कागदाला हातच लावत नाही. खरं आपट्याचं पान प्रत्येकाच्या हातात देते. ते एकच पान असतं, पण वरून दुभंगलेलं, जणू दोन पानं कडेला कड लावून जोडली आहेत. मधल्या शिरेवर ते अलगद मिटतं आणि उघडतं, म्हणजे घडी झाडानेच घालून दिलेली. मुलं ते वीस-वीस वेळा मिटतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात भोवतालच्या पानाफुलांना, बियांना आणि शिंपल्यांना साधनांचा मान होता. हा पहिला दिवस मी तिथून घेतला.

दुसऱ्या दिवशी पट्टी. वीस सेंटिमीटर लांब, पाच रुंद, हिरवी किंवा सोनेरी.

पट्टी आडवी ठेवायची, रंग टेबलाकडे. डावं टोक उजव्या टोकावर आणून पुस्तक करायचं, इस्त्री, आणि परत उघडायचं. मधोमध एक रेघ दिसते, ती पानाची शीर. आता पट्टीचा डावा हात वर करायचा, असा की त्याची खालची कड या शिरेला लागून उभी राहील. इस्त्री. मग उजवा हातही तसाच वर. खाली टोक आणि वर शेजारी शेजारी दोन मनोरे, असा आकार झाला पाहिजे. मनोऱ्यांच्या खाली खळीचं एकेक बोट. मग पान पालथं करून वरचे चारही कोपरे थोडे थोडे आत दुमडायचे आणि खालचं टोकही चिमूटभर. सुलटं केलं की गोलसर दोन पाळ्या, मध्ये खाच, खाली देठाची जागा.

मुलं अडतात ती हात वर करताना. शीर ओलांडून हात पलीकडे जातो आणि मनोरे एकमेकांवर चढतात. तेव्हा मी कागदाला हात लावत नाही. मी माझे दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे करते आणि विचारते, “माझे हात एकमेकांवर चढलेत का?” बहुतेक मुलं स्वतःच घडी सोडवून पुन्हा घालतात. काही नाही घालत. त्यांचं पान तसंच राहू द्यावं.

हे मी ठासून सांगते, कारण पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं. पालक येणार म्हणून आदल्या रात्री बसून तीसही पानं मीच सारखी केली आणि भिंतीवर मुलांच्या नावानिशी लावली. सगळ्यांनी वाहवा केली. एका चिमुरडीला आईने विचारलं, “तुझं कुठलं गं?” ती म्हणाली, “माझं नाही इथे. ही बाईंची आहेत.” तेव्हापासून भिंतीवर वाकडीच पानं लागतात, आणि प्रत्येक मूल आपलं पान लांबून ओळखतं.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला वाळत पडतात. मला ते बघवत नाही. आमची मुलं कागदाचं सोनं देतात. शाळेत मिळणाऱ्या सोन्यापैकी एक पान आजीसाठी राखून ठेवायचं, असा वर्गातला नियम आहे.

हादग्याचा हत्ती मात्र वर्तमानपत्राचाच करावा. रंग आपोआप हत्तीचा येतो आणि कागद कितीही लागला तरी पैसे पडत नाहीत. सव्वीस-सत्तावीस सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. आमच्याकडे तेव्हापासून सोळा दिवस हादगा चालतो, पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात. हत्तीचं चित्र मध्ये मांडून त्याभोवती फेर धरायचा, रोज एक गाणं वाढवायचं आणि शेवटी खिरापत ओळखायची. बालवाडीत मुलगेही फेरात असतात.

हत्तीला दोन कागद लागतात. कानांसाठी २० सेंटिमीटरचा चौकोन, तोंडासाठी १५ चा. लहान मुलांनी कान करावे, मोठ्यांनी तोंड. अशी जोडी लावली की सगळ्यांना काम मिळतं.

कान म्हणजे फक्त सामोसा. लांब कड वर ठेवायची, दोन्ही बाजूंची टोकं जराशी मागे वळवायची. झालं.

तोंडासाठी सामोसा करून उघडायचा म्हणजे मधली रेघ मिळते. कागदाचं एक टोक आपल्या पोटाकडे आणि रेघ त्या टोकातून सरळ वर, असा ठेवायचा. पोटाकडच्या टोकाला मिळणाऱ्या दोन्ही कडा एकेक करून रेघेवर आणायच्या. आइस्क्रीमचा कोन दिसायला लागतो, आणि इथे ‘हत्ती राहू दे, आइस्क्रीमच’ असा आग्रह हमखास होतो. होऊ द्या, दोन मिनिटं सगळे आइस्क्रीम खातात. मग कोन पालथा करायचा आणि रुंद बाजूचं टोक मागे दुमडायचं, की कपाळ सपाट होतं. निमुळती बाजू म्हणजे सोंड. ती पेन्सिलीवर गुंडाळून सोडली की वर वळते. तोंड कानांवर चिकटवा, कपाळ लांब कडेला लावून. सोंडेमागे कानाच्या कागदाचं टोक डोकावतं, ते मागे वळवा. डोळे खडूने. छापील शाईने हात काळे होतात, तेव्हा खिरापतीआधी सगळ्यांचे हात धुऊन घ्या.

कोजागरीला ससा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलांना एकच काम सांगून ठेवते, आज चंद्र बघून या आणि त्यात काय दिसलं ते सांगा. बहुतेकांना ससा दिसतो, कुणाला हरीण, आणि एकाला त्याच्या आजोबांची म्हैस दिसली होती. त्या मुलाच्या सशाला मग आम्ही शिंगं लावली.

पंधरा सेंटिमीटरचा पांढरा चौकोन. सामोसा करायचा, लांब कड आपल्याकडे. ती कड दोन बोटं रुंद वर दुमडायची, कपड्याला काठ असतो तशी. आता खालच्या कडेच्या मध्यावर एक बोट ठेवून डावी बाजू वर घ्यायची, मग उजवी. काठाची टोकं वर जाऊन दोन कान होतात. पालथं करायचं. कानांच्या मध्ये जे टोक दिसतं ते मागे, हनुवटीचं टोकही मागे. कान फार जवळ आले तर बाजू थोड्या सैल करायच्या. मधल्या बोटाची गंमत अशी की ते बोट उचललं की सगळी घडी सरकते, म्हणून शेजारच्या मुलाचं बोट उसनं घ्यायला सांगते. सशाइतकीच मजा त्या बोट उसनं घेण्यात येते.

कंदील मी बालवाडीत घेत नाही. त्यात कात्रीचे काप फार लागतात आणि शेवटी सगळं बाईंनाच करावं लागतं. तो पहिलीत गेल्यावर.

एका बैठकीला वीस मिनिटं पुरे. अर्धवट राहिलं तर कागद घडीसकट वहीत दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे न्या. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाचा एक जुना पाकीट-लिफाफा खिळ्याला टांगलेला असतो, त्यात ही अर्धी कामं राहतात. कधी कधी शनिवारी अर्धा ससा आत ठेवलेला असतो आणि सोमवारी ते मूल बाहेर काढून म्हणतं, “बाई, हे आता पाखरू आहे.” मग पाखराचे पंख कुठे, ते विचारते आणि दुसरा कागद देते.