कारखान्याची आग विझली, शाळा उघडायची आहे? मग या चुका टाळा

जवळच्या कारखान्यात मोठी आग लागून विझली की मुख्याध्यापकांचा फोन थांबत नाही. उद्या शाळा आहे का? अभ्यास मागे पडतोय, पालकांना कामावर जायचंय, परीक्षा तोंडावर आली आहे. ही घाई समजण्यासारखी आहे. पण निर्णय घेण्याआधी कुणीतरी शाळेत जाऊन वर्ग, टाक्या आणि पटांगण डोळ्यांनी बघायला हवं. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं.

आग विझली म्हणजे धोका संपला, असं धरून चालणं

अमेरिकेत टेक्सासमधल्या डिअर पार्क इथे 17 मार्च 2019 रोजी रसायनांच्या टाक्यांना आग लागली. ती 20 मार्चला विझली. दुसऱ्याच दिवशी सकाळी हवेत बेंझिनचं, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या एका रसायनाचं, प्रमाण वाढलेलं आढळलं. लोकांना दारं-खिडक्या लावून घरातच थांबायला सांगितलं गेलं आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्वाळा नव्हत्या, पण टाक्यांत उरलेल्या रसायनांच्या वाफा होत्या. टायर, भंगार, प्लास्टिक किंवा कोळशाच्या साठ्याची आग तर आतून कितीतरी दिवस धुमसत राहते. ऑस्ट्रेलियातल्या हेझलवूडच्या कोळसा खाणीची 2014 मधली आग 45 दिवस चालली होती. म्हणून अग्निशमन दलाला थेट विचारा: पुन्हा पेट घेण्याची शक्यता आहे का? ढिगारा अजून धुमसतोय का? रात्री वारा पडला की धूर खाली बसतो, त्यामुळे दुपारी स्वच्छ वाटलेलं पटांगण पहाटे धुराने भरलेलं असू शकतं. मुलं येण्याच्या वेळेची हवा तपासा.

काय जळलं हे न विचारता मोबाइलवरचा हवेचा आकडा बघणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त फसवते. हवेचा जो निर्देशांक आपण मोबाइलवर बघतो, तो धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड अशा ठरावीक प्रदूषकांवर काढलेला असतो. त्यात बेंझिन नसतं. पीव्हीसी (पाइप, वायरींचं प्लास्टिक) जळल्यावर निघणारा हायड्रोजन क्लोराइड हा झोंबरा वायू नसतो. ॲस्बेस्टॉस, म्हणजे जुन्या छपरांच्या पत्र्यांत असणारं, फुफ्फुसांना घातक तंतूंचं खनिज, तर नसतंच. शिवाय तो आकडा अनेकदा 24 तासांची सरासरी असतो आणि मोजणारं केंद्र शाळेपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूलाही असू शकतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच हवा: तिथे साठा कशाचा होता आणि छप्पर कशाचं होतं? उत्तर मिळालं की काय मोजायचं ते ठरतं. अमेरिकेतल्याच इंडियानामधल्या रिचमंड इथे एप्रिल 2023 मध्ये प्लास्टिकच्या गोदामाला आग लागली, तेव्हा आसपास पडलेल्या जळक्या तुकड्यांत ॲस्बेस्टॉस सापडलं. लोकांना त्या तुकड्यांना हात लावू नका, त्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवू नका, असं सांगावं लागलं. शाळेच्या पटांगणात असे तुकडे दिसले तर तो भाग दोरी बांधून बंद करा आणि प्रशिक्षित माणसांना बोलवा. मुलांना वेचायला लावू नका, शिपायांनाही नाही.

कोरडा झाडू

काजळी दिसली की हात झाडूकडे जातो. पण धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान असतात. कोरडं झाडलं, ब्लोअर मारला किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला की ते पुन्हा हवेत उडतात आणि नंतर बाकांवर, वह्यांवर बसतात. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं वारंवार धुवायचं, व्हॅक्यूम वापरायचाच तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा. वरून खाली या क्रमाने: पंख्यांची पाती, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या पट्ट्या, बाकं, मग फरशी. पडदे, सतरंज्या, मऊ खेळणी वास धरून ठेवतात, ती वेगळी काढून धुवा. वाळूचा खड्डा असेल तर वरचा थर बदला. सफाई करणाऱ्यांना घट्ट बसणारे मास्क, हातमोजे आणि चश्मे द्या. मुलं सोमवारी येणार आणि सफाई कर्मचारी शनिवारी विनामास्क आत, हे मला तरी मान्य नाही.

एसीचे फिल्टर बदलल्याशिवाय यंत्र सुरू करू नका, नाहीतर अडकलेली काजळी वर्गातच येईल. बाहेरची हवा स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच खिडक्या उघडून वर्ग हवेशीर करा. वास घालवायला ओझोनची यंत्रं लावण्याचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या, ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो. अगरबत्ती आणि सुगंधी फवारेही नकोत.

पाणी उकळून दिलं की झालं, असं समजणं

उकळल्याने जंतू मरतात, पण काजळी किंवा जड धातू जात नाहीत. टाक्यांची झाकणं बघा. उघडी असतील तर टाकी रिकामी करून धुवा आणि तपासणी होईपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरून आणा.

वासाच्या तक्रारी झटकून टाकणं

फ्रान्समधल्या रुआं इथे 26 सप्टेंबर 2019 रोजी रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि शाळा बंद झाल्या. सोमवारी, 30 तारखेला त्या उघडल्या, पण वासामुळे काही शिक्षकांनी शिकवायला नकार दिला. पालकांना नुसतं "सगळं सुरक्षित आहे" सांगून भागत नाही. काय मोजलं, कुठे, केव्हा, कुणी आणि सफाई कशी झाली, हे एका पानावर लिहून द्या. वास नसला म्हणजे धोका नाही असंही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. दम्याच्या मुलांची यादी, त्यांचे इन्हेलर आणि पालकांचे फोन पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांजवळ हवेत. पहिले काही दिवस मैदानावरचे खेळ टाळा, घरी राहिलेल्या मुलांची गैरहजेरी धरू नका. डोकेदुखी, खोकला, डोळ्यांची जळजळ यांची वर्गवार नोंद ठेवा. एकाच वर्गातल्या दोन-तीन मुलांना एका वेळी त्रास झाला तर आधी वर्ग रिकामा करा, मुलांना डॉक्टरांना दाखवा आणि मग त्या खोलीचा एसी, पोटमाळा, खिडकी तपासा.