उन्हाळ्यात घरच्या मशीनमधून पिल्लं काढताना

मार्च-एप्रिलमध्ये घरच्या इन्क्युबेटरला (अंडी उबवायच्या मशीनला) कोंबडीची अंडी लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: टॉर्च लावून पाहिलं तेव्हा पिल्लू भरलेलं होतं, हलत होतं, कवचाला टोचही मारली, आणि तिथंच मेलं. दोष अंड्यांना नाहीतर मशीनला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण असतं कोरडी हवा आणि सारखं झाकण उघडणारे आपलेच हात.

आधी जागेचं बघा. मशीन पत्र्याच्या शेडमध्ये नको. इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. दुपारी शेड 42 अंशांवर गेलं की आतला बल्ब बंद असूनही अंडी तापतच राहतात. थोडा गारवा गर्भ सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. दिवसभर ऊन न येणारी घरातली खोली बरी. लावायची अंडीही बाहेर टोपलीत तशीच ठेवू नका. गरम खोलीत गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी लावूच नयेत.

पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला सुमारे 38.5. स्वस्त मीटरवर डोळे मिटून विश्वास नको. आर्द्रतेचा मीटर तपासायची घरगुती युक्ती आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ते फक्त ओलसर करा, आणि ते झाकण व मीटर घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ तास ठेवा. मीटरने 75 टक्के दाखवायला हवेत. 68 दाखवले तर तुमचा मीटर सात कमी दाखवतो, तेवढे धरून चला. पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के पुरतात. विदर्भ-मराठवाड्यात त्यासाठीही पाण्याचे दोन्ही ट्रे भरावे लागतात, कोकणात बऱ्याचदा एकाने भागतं.

दिवस मोजण्यात घोळ होतो. अंडी लावल्यावर 24 तास झाले की एक दिवस पुरा. 1 मार्चच्या संध्याकाळी लावलेली अंडी 21 दिवसांनी, 22 मार्चच्या संध्याकाळच्या आसपास फुटतील. म्हणजे 19 तारखेला अंडी फिरवणं बंद करायचं, फिरवायचा ट्रे काढायचा, खाली खरखरीत कापड किंवा जाळीदार रबरी मॅट घालायची (गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात) आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यायची. मग झाकण बंद. पाणी कमी झालं तर बाहेरच्या भोकातून सलाईनच्या नळीने कोमट पाणी सोडा.

आता आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे हात आवरणं सोपं जाईल. पिल्लू आधी आतला पडदा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. अंड्यातून चिवचिव ऐकू येते ती तेव्हा. मग कवचाला टोच मारतं आणि गप्प पडून राहतं. 12 तास, कधी 18, कधी चोवीसही. ते अडकलेलं नसतं. या वेळात पडद्याच्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्याआधी कवच सोललं तर बेंबीतून रक्त जाऊन पिल्लू मरतं. आणि बघायला म्हणून झाकण उघडलंत की ओलावा क्षणात निघून जातो, पडदा कागदासारखा वाळून पिसांना चिकटतो, आणि गोल फिरत कवच कापत जाणाऱ्या पिल्लाला हलताच येत नाही.

टोच मारून 24 तास उलटले, पडदा पिवळट-तपकिरी वाळलेला दिसतोय, तरच मदत करा. कापसाचा बोळा कोमट पाण्यात पिळून पडदा ओला करा, नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. टोचेभोवतीचं कवच कणाकणाने काढा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथंच थांबून अंडं परत आत. माझं मत विचाराल तर अशी ओढून काढलेली पिल्लं पुष्कळदा अशक्तच राहतात.

लोडशेडिंगचा तास-दोन तासांचा खंड फार बिघडवत नाही. मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू जास्त लागतो.

पहिलं पिल्लू बाहेर आलं म्हणून लगेच काढायला जाऊ नका. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. बरीचशी सुकून फुलली की एकदाच झाकण उघडून 35 अंशांच्या ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत) हलवा. दिवसा उकाडा असला तरी रात्री बल्ब लागतोच. आधी पाणी, मग मक्याचा बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य).

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांचे डोस असतात आणि मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा शेजारीपाजारी कोणाची पिल्लं त्याच वयाची आहेत ते आधी विचारून ठेवा, आणि कुपी बर्फाच्या डब्यातूनच आणा.